कठड्यावरचे पीच

त्या उन्हाळ्यात, जुलै सरत येईपर्यंत, मिस व्हर्लीन टूक्स बसलेली मी एकदाही पाहिली नाही. तिच्या ओसरीवर झुलती खुर्ची होती, खुर्चीवर उशी होती, उशीवर मांजर होतं. बाई मात्र कायम उभी. दारात, पायरीवर, कुंपणाशी, पुन्हा दारात. समोरच्या ओसरीवरून आमची आजी, म्हणजे ओडेसा ब्रिमली, शेंगा सोलता सोलता तिच्यावर नजर ठेवून असायची. मधे फक्त लाल मातीचा रस्ता.

"निघाली बघ पुन्हा," आजी म्हणायची. "हिच्या चपलांत कुणी निखारे घातलेत का?"

दोघी एकेकाळी पीच निवडून खोक्यांत भरायच्या शेडमध्ये एकाच सरकत्या पट्ट्यावर कामाला होत्या. अडतीस हंगाम. व्हर्लीन फळं निवडायची, आजी खोक्यात भरायची. व्हर्लीन फळ कधी दाबायची नाही. देठाकडचा खड्डा नाकाशी धरायची, एक श्वास, आणि फळ डावीकडे नाहीतर उजवीकडे. कुणी नवी मुलगी अंगठ्यानं दाबून बघायला लागली की व्हर्लीन मान न वळवता म्हणायची, "अंगठा लावलास, ते फळ तुझं. घरी ने. हं." वाक्याच्या शेवटी ते 'हं' असायचंच, पाकिटावर शिक्का मारल्यासारखं.

आजीच्या म्हणण्याप्रमाणे त्या 'हं'मुळेच व्हर्लीनचं लग्न टिकलं नाही. व्हर्लीनच्या म्हणण्याप्रमाणे आजीच्या अत्तरामुळे शेडमधल्या निम्म्या माश्या मेल्या. आजी चर्चला जाताना जांभळ्या बाटलीतलं अत्तर लावते, मानेला, मनगटाला आणि हॅटलासुद्धा. दर रविवारी माउंट पिलग्रिम चर्चच्या पायरीवर व्हर्लीनचं ठरलेलं वाक्य असायचं, "ओडेसा, तुझं अत्तर येऊन बसलं आत. तू मागून ये सावकाश." तीस वर्षं हेच वाक्य आणि तीस वर्षं आजीचा तोच फणकारा.

आता खरी गोष्ट सांगते. त्या वर्षी फेब्रुवारीत व्हर्लीनला मोठा ताप आला, दोन आठवडे राहिला, आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला. वास म्हणून काही येईनासा झाला. कॉफीचा नाही, धुराचा नाही, पीचचा नाही. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. पुढे तिनं स्वतःच चारचौघांत सांगून टाकलं, म्हणून मला लिहिता येतंय. पण तेव्हा आम्हाला फक्त तिची येरझार दिसत होती.

आणि जुलैचा चौथा रविवार जवळ येत होता. तो आमचा होमकमिंगचा रविवार. अटलांटाला गेलेले, डेट्रॉइटला गेलेले, सगळे त्या दिवशी चर्चला परत येतात, आणि प्रार्थनेनंतर पेकनच्या झाडांखाली लांबच लांब टेबलं मांडून जेवण होतं. गोडाच्या टेबलावर सगळ्यात पहिला ट्रे एकतीस वर्षं व्हर्लीनच्या पीच कॉबलरचा. खाली साखरेत आणि लोण्यात शिजलेल्या फोडी, वर मैद्याच्या पट्ट्यांची जाळी, आणि जाळीतून वर येऊन कडेला चिकटलेला रस. तो कडेचा रस खरवडायला मोठी माणसं भांडतात.

आमच्या चर्चमध्ये बायकांना कुणी "आता तुमचा हात गेला" असं म्हणत नाही. फक्त पुढच्या वर्षी फोन येतो आणि गोड आवाजात सांगतात, "सिस्टर, यंदा तुम्ही बर्फ आणा." सिस्टर आयनेझ रम्फच्या बटाट्याच्या सॅलडमध्ये एकदा मनुका निघाल्या. ती बाई आज नऊ वर्षं बर्फ आणते. पिशव्या उचलून उचलून तिचा खांदा उतरलाय. व्हर्लीनला सगळ्यात भीती होती ती त्या फोनची.

गुरुवारी ती शेडच्या मागच्या दाराला गेली. ट्रकमध्ये टिकणार नाहीत असे झाडावर पिकलेले पीच तिथे गावातल्यांसाठी ठेवतात. एरवी ती पाच मिनिटांत बाहेर यायची. त्या दिवशी पाऊण तास. शेडचा मुकादम लूथर पीक बोलण्याआधी तीनदा घसा साफ करतो. तो आजीला ओसरीपाशी थांबून सांगून गेला, "अख्खं, अख्खं, अख्खं... मिस ब्रिमली, मिस व्हर्लीन आज प्रत्येक फळ हुंगून परत ठेवत होती हो. शेवटी तीन झाडांच्या तीन टोपल्या घेऊन गेली. म्हणाली, बघते घरी."

"व्हर्लीन? बघते घरी?" आजीनं शेंग अर्धवट सोललेली तशीच धरली. "तिनं नवऱ्यालासुद्धा शेडच्या दारातूनच परत पाठवलं होतं."

रंगावरून ठरवायचं तर तेही शक्य नव्हतं. पूर्वी पिवळेपणा बघून कळायचं. आता कलमंच अशी निघालीत की फळ दगडासारखं असताना लाल दिसतं. आणि कच्च्या पीचचं कॉबलर म्हणजे साखरेच्या पाण्यात रबर.

शुक्रवारी सकाळी व्हर्लीनच्या ओसरीच्या कठड्यावर तीन पीच दिसले, एकेका हाताच्या अंतरावर, आणि प्रत्येकाच्या खाली तो ज्या टोपलीतला ती टोपली. प्रत्येकाच्या देठाशी नखाएवढी चीर. व्हर्लीन दारात उभी, हात कमरेवर. आधी पोस्टमन आला. तिनं त्याला पायरीवरच गाठलं.

"काय रे, वास कसा येतोय?"

"छान येतोय, मॅडम."

"छान म्हणजे काय? कुठल्याचा? हं?"

"पीचचा, मॅडम."

"जा. पत्रं वाट."

पोस्टमन गेला तसा ती परत आत गेली, बाहेर आली, मांजराला उठवलं, पुन्हा बसवलं. तेवढ्यात पहिली गांधीलमाशी आली. डावीकडच्या पीचवरून गेली. मधल्यावर टेकली, उडाली. उजवीकडच्या पीचवर जी बसली ती बसलीच. मग दुसरी, मग चार. व्हर्लीन श्वास धरून बघत होती. शेवटी तिनं उजवीकडची टोपली उचलली आणि आत गेली.

"गांधीलमाश्यांना नाश्ता घातला," आजी म्हणाली. "रविवारी आम्हाला काय वाढणार आहे, डंख?" पण हसली नाही. शेंगा संपल्या होत्या तरी रिकाम्या टोपल्यात तिची बोटं चालूच होती.

रविवारी सकाळी साडेसातला आजी चर्चला जायला तयार. म्हणजे हॅट डोक्यावर, अत्तर लावलेलं, पायांत घरातल्या सपाता. तिचं स्वतःचं कॉबलर झाकून ठेवलेलं होतं. आजी दुकानातल्या हवाबंद डब्यातले पीच वापरते. दोन मैलांवर बागा, आणि ही डबा फोडते, असं व्हर्लीन गेली वीस वर्षं सगळ्या गावाला ऐकवत आली होती. आजीचं म्हणणं, डब्यातल्या फळाला कधी मूड येत नाही.

आजीनं एकदम नाक वर केलं. "जळतंय." मग चेहरा उजळला. "व्हर्लीनचं जळतंय."

तिनं टेबलावरची जायफळाची बरणी उचलली. निमित्त हवं ना. "चल, तिला जायफळ हवं असेल," म्हणाली आणि सपातांतच रस्ता ओलांडला. मी मागे.

स्वयंपाकघरात व्हर्लीन ओव्हनसमोर उभी होती, दारापासून हातभर अंतरावर. नंतर कळलं ते असं, की पहिला अर्धा तास तिनं दर दोन मिनिटांनी दार उघडून बघितलं. आच निघून जायची, पट्ट्या पांढऱ्याच राहायच्या. मग वैतागून तिनं आच वाढवली आणि स्वतःवर सक्ती केली, आता उघडायचं नाही. तिच्याकडे टायमर कधी नव्हताच. ती कॉबलर नाकानं उतरवायची. ओव्हनची काच तर वर्षानुवर्षांच्या वाफेनं धुरकट झालेली.

"व्हर्लीन," आजी म्हणाली, "तुझा ओव्हन नेहमीसारखा डावा कोपरा करपवतोय."

"काही करपत नाही."

"अगं बाई, मला रस्त्यापलीकडे येतोय वास."

"तुला माझं सगळंच रस्त्यापलीकडे येतं. वेळ झाली की मला कळेल. हं."

ते 'हं' पोकळ होतं. आजीनं जायफळाची बरणी ओट्यावर ठेवली. मग हळूच एक पाऊल पुढे टाकलं, अगदी व्हर्लीनच्या खांद्याला हॅट लागेल इतकं.

"व्हर्लीन, मी अत्तर लावलंय."

"मग?"

"मग तू काही बोलली नाहीस." आजीचा आवाज उतरला. "इस्टरला नाही बोललीस. मदर्स डेला नाही. मला वाटलं, तीस वर्षांनी तुला आवडायला लागलं."

व्हर्लीननं ओव्हनच्या मुठीवरचा हात काढला, परत ठेवला.

"कधीपासून?" आजीनं विचारलं.

"तापापासून."

"सगळंच?"

"कांदासुद्धा नाही. काल जायफळ किसून नाकाला लावलं. शिंकसुद्धा आली नाही." मग एकदम वळून, "आता सांग जाऊन सगळ्यांना. माझ्यासाठी बर्फाच्या पिशव्या बाजूला काढून ठेवायला सांग."

"आधी तो ट्रे फिरव, बाई. मग भांड माझ्याशी."

व्हर्लीननं दार उघडलं. कोपरा काळा झाला होता, तळहाताएवढा. बाकीची जाळी अजून कच्ची. तिनं आच कमी केली, ट्रे फिरवला, दार लावलं, आणि खिडकीपर्यंत जाऊन आली, पुन्हा जाऊन आली.

"उभी राहा एका जागी," आजी म्हणाली. "मी हुंगते, तू ऐक."

"तू काय हुंगणार? तू टायमरची घंटी वाजली की काढतेस."

"म्हणून तर सांगतेय, नाक माझं, अक्कल तुझी." आजी वाकली, हॅट एका हातानं धरून. "छान येतोय."

"ओडेसा, छान म्हणू नकोस. मला ह्या शब्दाचा वीट आलाय. कशासारखा?"

आजी विचारात पडली. "इस्त्रीसारखा."

"इस्त्री?"

"खळ घातलेल्या शर्टावर गरम इस्त्री ठेवली की येतो तसा."

व्हर्लीन थांबली. त्या सकाळी पहिल्यांदाच तिचे पाय थांबले. "तो मैदा. मैदा अजून सुकतोय. दहा मिनिटं."

ती दहा मिनिटं दोघी एकाच ओव्हनसमोर खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. आमच्या आळीत असं कधी घडलेलं नाही. मग आजी म्हणाली, "आता साखर. जत्रेतल्या गाडीसारखी."

"लोणी आलं का?"

"नाही... थांब. आलं. मागून येतंय." तिनं डोळे मिटले. "आता माझा बाप आला. कढईत शेंगदाणे भाजून अंगणात बसायचा ना, तसा."

"काढ," व्हर्लीन म्हणाली, आणि आजी हलायच्या आत तिनं स्वतःच काढला.

जाळी सोनेरी होती, कडेनं रस उकळत होता, आणि डाव्या कोपऱ्यात तो काळा डाग होता. खरवडला तर खड्डा दिसला असता. दुसरं करायला पीच होते, वेळ नव्हता. व्हर्लीन त्या डागाकडे बघत राहिली.

"चर्चमध्ये बर्फ कोणत्या दुकानातला लागतो गं?" तिनं विचारलं.

"कपडे बदल," आजी म्हणाली.

प्रार्थनाभर व्हर्लीन बाकाच्या टोकाशी, अर्धी आत, अर्धी बाहेर. जेवणाच्या वेळी डीकन स्टब्सनं देवाचे आभार मानायला सुरुवात केली. पावसाचे मानले, पिकाचे मानले, महामार्गाचे मानले, नव्या छताच्या प्रत्येक पत्र्याचे मानले. व्हर्लीन टेबलाच्या या टोकाला, मग त्या टोकाला, मग पुन्हा ट्रेपाशी. ट्रे तिनं असा फिरवला होता की काळा कोपरा झाडाच्या खोडाकडे होता. पण त्याच बाजूला मदर कल्पेपर बसते. ती चर्चमधली सगळ्यात मोठी, ब्याण्णव वर्षांची. तिनं पहिला घास घेतल्याशिवाय गोडाला कुणी हात लावत नाही. तिनं बर्फ म्हटलं की बर्फ.

"आमेन" पुरतं संपलंही नव्हतं, तोच आमची आजी जेवणाची रांग सोडून गोडाच्या टेबलाशी पोहोचली आणि व्हर्लीनच्या ट्रेमध्ये मोठा चमचा घालून अख्खा काळा कोपरा आपल्या ताटलीत घेतला. सगळ्यांच्या देखत. मदर कल्पेपरच्या आधी.

सिस्टर आयनेझ रम्फच्या हातातून बर्फाची पिशवी निसटली.

"ओ-डे-सा," मदर कल्पेपर म्हणाली. ती एकेक अक्षर पायरी उतरल्यासारखं उतरते. "तु-ला-घा-ई-झा-ली-का?"

"हो, मदर," आजी तोंडभर कोळसा चावत म्हणाली. "वीस वर्षं मन मारलं. आज राहवलं नाही."

चार जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. ओडेसा ब्रिमली व्हर्लीनचं कॉबलर खाते, आणि तेही रांग मोडून. कोपऱ्यातला खड्डा आता फक्त आजीच्या हावरटपणाचा पुरावा होता. मदर कल्पेपरनं आपली वाटी पुढे केली. पहिला घास बराच वेळ तोंडात ठेवला. व्हर्लीन टेबलाची कड धरून उभी.

"यं-दा," मदर म्हणाली, "पी-च-नी-ट-पि-क-ले-त."

वीस मिनिटांत ट्रेचा तळ दिसला. डेट्रॉइटचा एक पाहुणा कडेचा रस नाण्यानं खरवडत होता. शेजारी आजीचं डब्यातलं कॉबलर तसंच होतं, अर्ध्याहून जास्त. ताटली पुसत आजी त्याच्याकडे बघत होती. तिचे दात काळे झाले होते.

व्हर्लीननं एक वाटी घेतली आणि आजीच्या ट्रेमधून भरली.

"काय करतेस?" आजीनं विचारलं.

"खाते."

"डब्यातलं आहे."

"माहितेय. आता मला काय फरक पडतो? गोड आहे आणि मऊ आहे, एवढंच कळतं." तिनं दुसरा घास घेतला. "वीस वर्षं तुझं कॉबलर खाताना लोकांना असंच लागत असणार बिचाऱ्यांना. हं."

आजीला ठसका लागला. कोळसा होता की हसू, कळलं नाही. व्हर्लीन पेकनच्या झाडाखालच्या बाकावर गेली, पदर आवरल्यासारखा झगा आवरला, आणि बसली. खरंच बसली, पाठ टेकून, वाटी मांडीवर. आजी शेजारी टेकली.

"जरा सरकून बस," व्हर्लीन म्हणाली. "तुझं अत्तर."

"तुला येत नाही."

"आठवतंय ना."

दोन मिनिटं झाली असतील. पाहुण्यांना घरी न्यायला ठेवलेल्या पीचच्या खोक्यापाशी अटलांटाची एक सून उभी होती. तिनं एक फळ उचललं आणि अंगठ्यानं दाबून पाहिलं. व्हर्लीननं वाटी आजीच्या हातात दिली. तोवर ती उठलीसुद्धा होती.