वायफायचं विरजण

विरजण मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायचं नसतं, हे मला सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं. फक्त दिवेलागण झाल्यावर द्यायचं नाही, सकाळी ये म्हणायचं. दोन्ही गोष्टी मी आजवर पाळत आले. वायफायचा पासवर्डही मी त्याच रीतीने देत होते, एवढंच घरात कोणाला माहीत नव्हतं.

आमचं घर यशवंतपूरला, बाजाराच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. आजूबाजूला उंच इमारती उठल्या तेव्हापासून गल्लीत फोनची रेंज उतरतच नाही. कोणाशी बोलायचं तर आमचे हे स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज धरून उभे राहतात, आणि समोरच्याला नाही तरी अर्ध्या गल्लीला नीट ऐकू जातं. म्हणून मुलाने वायफाय घेतलं. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आई, तू जपून ठेव. अप्पा हरवतील." मी ती साखरेच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली.

पहिल्यांदा मागितला वरच्या मजल्यावरच्या अक्कांनी. त्यांची नात दुबईला असते, तिला बघायचं होतं. अक्कांना इंग्रजी येत नाही. मलाही येत नाही, माझी चौथी निपाणीकडच्या मराठी शाळेतली. पण चिठ्ठीवरचं अक्षर बघायचं आणि फोनवर तसंच दिसणारं शोधून दाबायचं, एवढं मला जमतं. बारा अक्षरांना पंधरा मिनिटं लागली. शेवटचं दाबलं आणि पडद्यावर नात हसायला लागली. अक्का माझा हात धरून कानडीत म्हणाल्या, "तुंबा ओदिदीरा!" म्हणजे, तुम्ही खूप शिकलेल्या. मला हे कधी कोणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी आमटीत मीठ घालायचं विसरले.

मग इस्त्रीवाले अण्णा आले, मग समोरचा वॉचमन, मग त्याच्या ओळखीचा दुसरा वॉचमन, मग असेच आणखी काही. चिठ्ठी मी कोणाला दाखवली नाही. प्रत्येकाचा फोन हातात घेऊन स्वतः घालून दिला. फुलवाली आली ती तिन्हीसांजेला. देवाजवळ दिवा लावून झाला होता, म्हणून तिला सकाळी बोलावलं. ती सकाळी मोगऱ्याचा गजरा घेऊन आली आणि पासवर्ड घेऊन गेली.

त्याच दिवशी अकरा वाजता सुनेचा इंटरव्यू होता.

बाळंतपणासाठी तिने नोकरी सोडली त्याला दोन वर्षं झाली होती. आधी दोन ठिकाणी विचारून झालं होतं. दोन्हीकडे 'ही दोन वर्षं काय करत होता?' असं विचारलं आणि पुढे काही कळवलं नाही. हे तिसरं ऑफिस हेब्बाळचं. "यांनी नाही म्हटलं ना आई, तर मी पुन्हा कुठे अर्ज करणार नाही," असं ती महिनाभर म्हणत होती, आणि महिनाभर पहाटे उठून अभ्यासही करत होती. नातीला तिने आदल्या दिवशीच जे. पी. नगरला आजोळी पाठवलं. त्या दिवशी वर चांगला कुर्ता, कानात मोत्याचे डूल आणि खाली घरातली फुलाफुलांची विजार घालून ती लॅपटॉपसमोर बसली. "विजार त्यांना दिसत नाही," असं ह्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

साडेनऊला तिने लॅपटॉप उघडला. तो वायफाय घेईना. तिचा फोन चालत होता, ह्यांच्या फोनवर बातम्या चालल्या होत्या, लॅपटॉप तेवढा नाही म्हणत होता.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी बसच्या डेपोत झाली. कुठलंही यंत्र अडलं की त्यांच्याकडे एकच औषध. "बंद करायचं, शंभर मोजायचे, चालू करायचं." त्यांनी वायफायच्या डब्याची वायर उपटली आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. चाळीसपर्यंत आले असतील, तेवढ्यात वरून अक्कांचा आवाज आला. त्याही मला अक्काच म्हणतात.

"अक्का! नेट होय्तु!"

हे मोजायचे थांबले. "त्यांचं नेट गेलं तर तुला कशाला सांगतात?"

"शेजारी आहेत. दूध उतू गेलं तरी सांगतात," मी म्हटलं.

"तू मला विसरायला लावलंस," असं म्हणून त्यांनी पुन्हा एकपासून सुरू केलं.

डबा चालू झाला. लॅपटॉप नाहीच म्हणाला. सुनेने पासवर्ड काढून पुन्हा घातला. ह्यांनी डबा उचलून फ्रिजवर ठेवला, "उंचावरून पोचेल," म्हणाले, आणि वायर दुसऱ्यांदा उपटली. या वेळी फाटकाशी इस्त्रीवाले अण्णा आले.

"अक्का, मॅच निंतोय्तु!"

"मॅच थांबली तर आमच्या दारात का?" ह्यांनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी तुळशीकडे बघितलं. "अण्णा, इस्त्री तशीच ठेवून आलात ना? कोणाचा तरी शर्ट जळेल," मी म्हटलं. ते धावत गेले. हे मात्र माझ्याकडे बघत राहिले. एवढं मोठं वाक्य मी परक्या माणसाशी बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

सव्वादहा वाजले. फोनवरून लॅपटॉपला नेट द्यायचं म्हणून सून स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन्ही घेऊन उभी राहिली. तिथे आवाजापुरती रेंज येते, चेहऱ्यापुरती येत नाही. शेवटी तिने नवऱ्याला फोन लावला. तो कामासाठी हुबळीला गेला होता. त्याच्या फोनमध्ये आमच्या वायफायचं सगळं दिसतं.

"डबा ठीक आहे," तो म्हणाला. "जागा भरल्यात. मी आठच ठेवल्या होत्या, नववा आत येत नाही. तुमचे तीन फोन आणि टीव्ही. हे बाकीचे चार कोण?"

"चोर!" हे ओरडले.

"अप्पा, आधी टीव्ही बंद करा. एक जागा होईल. इथून मला नुसतं बघता येतं, बदलता येत नाही."

ह्यांनी टीव्ही बंद केला. सुनेने झटकन लॅपटॉपवर दाबलं. नाही. मुलगा म्हणाला, "अरे, लगेच दुसरं कोणीतरी बसलं!" ह्यांनी स्वतःचा फोन बंद केला. तिथेही कोणी बसलं.

"रुमाल टाकतात खिडकीतून!" हे म्हणाले. बसमध्ये जागा धरणाऱ्या लोकांवर त्यांचा जन्माचा राग आहे. "किती चोर आहेत हे? मी पोलिसांत जातो."

सुनेने लॅपटॉप मिटला. रडली वगैरे नाही. कानातले डूल काढायला लागली. "राहू दे अप्पा. फोन करून सांगते, आज जमणार नाही. परत वेळ देतील असं वाटत नाही."

एक डूल तिच्या हातात आला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "चोर नाहीत ते. मी दिलाय."

फोनमधून मुलगा म्हणाला, "किती जणांना, आई?"

"नऊ."

"नऊ!" हे म्हणाले.

"दिवेलागणीनंतर एकालाही दिला नाही," मी म्हटलं. यापेक्षा बरं काही मला सुचलं नाही.

हे खुर्चीत बसले. सुनेने घड्याळाकडे बघितलं. पावणेअकरा झाले होते. "आई," ती म्हणाली, "ते ऐकतील तुमचं?"

मी फाटकाशी गेले. लग्न होऊन या गल्लीत आले त्याला छत्तीस वर्षं झाली, पण या फाटकातून मी कधी मोठ्याने हाक मारली नव्हती. भाजीवाला पुढे गेला तर मी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबते. "अण्णा, स्वल्प नेट ऑफ माडी," म्हणजे जरा बंद करा, असं मी म्हटलं. अण्णांनी मान वर केली नाही. फुलवाली टोपली घेऊन परतत होती, तिने मात्र ऐकलं.

"अक्का, असं ओरडलात तर माझा एक गजरा खपायचा नाही," ती कानडीत म्हणाली. "पोटातून ओरडा."

मी डोळे मिटले आणि ओरडले, "नेट ऑफ माडी! एल्लारू! नम्म सोसेगे इंटरव्यू!" म्हणजे सगळ्यांनी, आमच्या सुनेचा इंटरव्यू आहे. वरच्या दोन खिडक्या उघडल्या. कबुतरं उडाली. मागे घरात ह्यांच्या हातून काहीतरी पडलं.

"ओंदु गंटे!" एक तास, असं मी पुन्हा ओरडले, कारण किती वेळ ते सांगायचं राहिलं होतं.

अण्णांनी खिशातून फोन काढून मला दाखवत बंद केला. वॉचमनने दुसऱ्या वॉचमनला शिट्टी मारली. अक्कांनी नातीला "आमेले, आमेले," म्हणजे नंतर, असं सांगून हात हलवला. आतून सुनेचा आवाज आला, "आलं! आई, आलं!" अकराला सहा मिनिटं कमी होती. एक डूल तिच्या कानात होता, दुसरा ह्यांनी टेबलाखाली शोधून दिला.

मग तासभर कोणी हललं नाही. हे फाटकाशी स्टूल टाकून कंडक्टरसारखे बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "फोन बंद आहे ना?" विचारत राहिले. नेट नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना बोलण्यावाचून गत नव्हती, मलासुद्धा. दुसऱ्या वॉचमनला तीन मुली आहेत हे मला तेव्हा कळलं.

बारा वाजून गेल्यावर सून दारात आली, चांगल्या कुर्त्यात आणि फुलाफुलांच्या विजारीत. सगळ्यांनी विजारीकडे बघितलं.

"आय्ता?" झालं का, असं फुलवालीने विचारलं.

"आय्तु," सून म्हणाली.

"मग नेट लावू?" अण्णांनी खिशात हात घातला.

दोन दिवसांनी ऑफिसचा होकार आला. मुलगा हुबळीहून परतला आणि माझ्याशी एक शब्द न बोलता पासवर्ड बदलून, आठाच्या वीस जागा करून जेवायला बसला. नवा पासवर्ड मला सांगणार नाहीत असं मी धरून चालले होते. संध्याकाळी चहाला साखर काढायला डबा उघडला, तर झाकणाला नवी चिठ्ठी. अक्षरं सुनेची, मोठी आणि सुटी सुटी, मला शोधायला सोपी जावीत अशी.

मी मागे वळून बघितलं. ती देवाजवळ दिवा लावत होती.

"आज नाही हं आई," ती म्हणाली. "उद्या सकाळी."