सोहेलच्या नावाची जागा

कामशेतला माझं ट्रक रंगवायचं दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याची शेड आणि रस्त्याकडेची मोकळी जागा. नंबर, फुलं, मोर, ज्याला जे हवं ते काढून देतो. सगळे मला पेंटर म्हणतात. सुहास हे नाव बायको सोडून कुणाला आठवत असेल असं वाटत नाही.

चाळीसेक गाडीवाले माझ्याकडे येतात, पण युनूस मुलाणीइतकं डोकं खाणारा दुसरा कुणी नाही. भाताचा हंगाम लागायच्या आधी तो गाडी घेऊन यायचा आणि शेजारी स्टूल टाकून बसायचा. फुलं नकोत, मोर नको, झालर तर नकोच. फक्त दारावर नाव, 'युनूस', तेही बारीक. "पेंटर, अक्षर तिरकं झालंय." मी म्हणायचो, "अक्षर सरळ आहे, युनूसभाई. तुमचीच मान तिरकी आहे."

त्याची गाडी दारात येऊन उभी राहिली तरी मला पत्ता लागायचा नाही, इतकी शांत. हंगामात वडिवळे गावाहून भात आणायचा आणि एरवी क्रशरवरून खडी. क्रशरची धूळ म्हणजे नुसतं पीठ. रोज परत आल्यावर हा गडी एअर फिल्टर काढून साफ करायचा, मग हातपाय धुवायचा. "हिच्या नाकात धूळ गेली की खेळ खलास," असं मला त्यानंच सांगितलंय. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

एका वर्षी तो म्हणाला, "नाव जरा वर घे. खाली जागा सोड."

"कशाला?"

"सोड म्हणतो ना!"

मी सोडली. न सांगता कळलं मला. त्याचा एकुलता एक पोरगा सोहेल तेव्हा आयटीआयला होता. बापाला वाटत होतं, पोरगं एक दिवस गाडीवर येईल आणि खाली त्याचं नाव चढेल. पण तोंडानं बोलेल तर तो युनूस कसला!

सोहेल पास झाला. जड वाहनाचं लायसन काढून बापाच्या शेजारी बसायला लागला. युनूसभाई हवेत होता. तेवढ्यात तळेगावच्या एका कंपनीतून पोराला बोलावणं आलं. सोहेल घरी म्हणाला, "बघू." झालं, युनूसभाईची झोप उडाली. माझ्याकडे येऊन चहा समोर ठेवून नुसता बसायचा.

"पोरगं बघू म्हणतंय, पेंटर. बघू म्हंजे जाणार."

"मग राहा म्हणा की त्याला."

"मी कशाला म्हणू? उद्या म्हणंल बापानं अडकवला."

त्याच आठवड्यात सोहेलनं मोबाईलवर काहीतरी बघितलं. जुना फिल्टर काढून बाहेरचा उघडा फिल्टर लावायचा, सायलेन्सर काढून सरळ मोठा पाइप टाकायचा, मग इंजिन मोकळा श्वास घेतं आणि गाडी जास्त ओढते म्हणे. मला वाटलं, आता युनूसभाई पोराची कानउघाडणी करणार. क्रशरवर चालणाऱ्या गाडीला उघडा फिल्टर! पण हा महाराज म्हणाला, "लाव." वर जुना फिल्टर स्वतःच्या हातानं खोलून दिला आणि घरी ओसरीवर खिळ्याला टांगून ठेवला.

मी चिडलो. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"गप ऱ्हा. पोरगं रमतंय गाडीत. रमू दे."

पहिल्या फेरीला मीही केबिनमध्ये होतो. मला लोणावळ्याहून रंग आणायचा होता. देवा रे! काय तो आवाज! कामशेत मागं पडायच्या आत माझे कान बधिर झाले. चढ लागला तशी गाडी नुसती ओरडायला लागली. वरून धुराचा वास. मी कानात बोटं घालून बसलो होतो आणि हे बापलेक एकमेकांकडे बघून हसत होते.

"कशी ओढती, अब्बा?"

"लय भारी! आधी कुटं अशी ओढायची?"

"व्हय ना? पिकअप जाणवतोय."

मला गिअरमधलं काही कळत नाही. गाडी रंगवायची म्हटलं की माझं शहाणपण सुरू होतं आणि तिथंच संपतं. म्हटलं, ओढत असेल बाबा.

पुढचे चार-पाच महिने कामशेतच्या बाजारात सगळ्यांना युनूसभाईची गाडी लांबून ऐकू यायची. चहावाली शकुबाई कानावर पदर घ्यायची आणि शिव्या द्यायची. युनूसभाई मात्र ज्याला त्याला गाडीचं कौतुक सांगायचा. सोहेलही तेच सांगायचा. कंपनीचं नाव घरात निघत नव्हतं. मी युनूसभाईला विचारलं, "आता जागा भरायची का?" तर म्हणाला, "त्याला सोताहून म्हणू दे."

मग सोहेल चुलतभावाच्या लग्नाला तीन दिवस गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी खडी भरलेली गाडी कामशेतच्या खिंडीत मोठ्यानं कण्हली आणि जागच्या जागी थांबली. इंजिन जाम. ओढून आणली ती माझ्या शेडसमोरच उभी केली, कारण गॅरेज पलीकडंच आहे.

मिस्त्रीनं इंजिन खोललं तेव्हा सोहेल लग्नाच्या कपड्यांतच धावत आला होता. मिस्त्रीनं आत बोट फिरवून दाखवलं. बारीक, राखाडी चिखल.

"धूळ खाल्ली हिनं. सगळं आतून घासलंय. अशी गाडी ऑइल पिते. किती पीत होती?"

"जास्त न्हाई," युनूसभाई म्हणाला. "दुपारी क्रशरवर हा पावती आणायला गेला की मी घालायचो थोडं."

सोहेलचा चेहरा पडला. "तुमी घालायचा? मी संध्याकाळी गाडी धुताना घालायचो, अब्बा. रोज."

झालं ते असं. दोघांना कळत होतं की गाडी ऑइल पिते आहे. बापानं पोराला सांगितलं नाही, पोराचं मन मोडेल म्हणून. पोरानं बापाला सांगितलं नाही, बाप एवढं कौतुक करतोय म्हणून. दोघंही चोरून घालत होते, त्यामुळं प्रत्येकाला वाटत होतं, थोडंच तर पिते, चालतंय. सकाळी ऑइल मोजायची पट्टी काढून बघावी तर ऑइल नेहमी बरोबर, म्हणून युनूसभाईनं बघायचंच सोडलं होतं. सोहेल लग्नाला गेला आणि दोन दिवस संध्याकाळचं ऑइल पडलंच नाही.

"आणि पाइपानं ओढायला लागली होती का हो जास्त?" मी विचारलं.

मग सोहेल हळूच म्हणाला, "न्हाई, काका. अब्बा पहिल्याच दिवशी चढावर नेहमीच्या पुलापाशी तिसऱ्या गिअरवर आले. जितं आधी यायचे तितंच, जास्त ओढली असती तर पुढं जाऊन आले असते. मी बघितलं होतं."

"मग तुम्हा दोघांची तोंडं शिवली होती का रे?" मी ओरडलोच. माझं कोण ऐकतंय!

नव्या इंजिनाचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून गाडी विकायची ठरली. सोहेल तळेगावला कंपनीत लागला. त्याची बस सकाळी माझ्या शेडवरून जाते. नवा मालक म्हणाला, दारावरचं नाव खरवडून ठेवा, संध्याकाळी गाडी ओढून नेतो. त्या दिवशी सोहेलला सुट्टी होती. युनूसभाई नेहमीच्या स्टुलावर बसला होता, पण अक्षराबद्दल चकार शब्द नाही. मी रंग खरवडायची लोखंडी पत्री घेतली आणि 'युनूस' खरवडायला लागलो. गाडीवाल्याचं नाव काढताना मला कधी वाईट वाटत नाही, त्या दिवशी वाटलं.

सोहेलनं खालच्या मोकळ्या जागेवर हात ठेवला. "हितं माझं नाव यायचं होतं ना, अब्बा?"

"तुला कुणी सांगितलं?"

"रोज दार पुसायचो मी. कळत न्हाई व्हय? वाट बघत होतो तुमी कवा लिवायला सांगताय त्याची."

"आरं, पण तू तर कंपनीत जाणार होतास."

"तुमी एकदा ऱ्हा म्हणाला असता तर बघू तरी कशाला म्हणालो असतो?"

युनूसभाईनं डावा गुडघा दाबून धरला. क्लच दाबून दाबून तो गुडघा कधीच कामातून गेलेला. "मी पाइप लावू दिला तो तू ऱ्हावास म्हणून, पोरा."

"आन मी लावला तो ह्या गुडघ्यासाठी. जास्त ओढली तर गिअर कमी बदलावं लागतील वाटलं. तुमी चढावर मला चालवू देत न्हवता."

मला दोघांनाही एकेक लगावून द्यावीशी वाटली. दोन शब्द! दोन शब्दांसाठी चालती गाडी घालवली. पण युनूसभाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, म्हणून मी पत्री खाली ठेवली.

डोळे पुसून युनूसभाई म्हणाला, "पेंटर, लिही."

"काय?"

"त्याचं नाव. मोकळ्या जागेत."

"अहो, संध्याकाळी गाडी जाणार. मालक आल्या आल्या पुसायला लावेल."

"संध्याकाळपातूर तर असू दे."

मी लिहिलं, 'सोहेल'. मोठं लिहिलं, पिवळ्या रंगात, लाल कड देऊन. युनूसभाई तिरकं झालंय असं म्हणाला नाही. सोहेल शेजारी उभा राहून बघत होता.

नव्या मालकाची माणसं लवकरच आली. साखळी बांधायला एक जण दाराला टेकला, तसा युनूसभाई स्टुलावरून उठून लंगडत धावला.

"ए भाऊ, बाजूला हो. रंग ओला हाय."