टेस्टरनं नापास केलेल्या फ्रेमा

त्याला सगळे टेस्टर म्हणायचे. लोकांच्या वरच्या खिशात पेन असतं, तिथं याच्या खिशात लाल मुठीचा टेस्टर खोचलेला असायचा. म्हणून हे नाव पडलं, असं नव्या माणसाला सांगितलं जाई. जुन्यांना ठाऊक होतं की टेस्टर खिशात नव्हता, माणसातच होता. डॉक्टरनं ताप नाही म्हटलं तरी हा घरी येऊन थर्मामीटर लावणार. आणि थर्मामीटर तरी खरं बोलतंय का, हे बघायला तो बायकोच्या काखेत घालणार.

धंदा मोटारी भरायचा. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसायची, नवी तांब्याची गुंडाळायची, वार्निश पाजायचं आणि फिरवून द्यायची. विशीत असताना एका पिठाच्या गिरणीत काम करत होता. मालक आतून ओरडला, "मेन बंद आहे, लाव हात." यानं लावला. उजव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे तिथंच राहिले. मालक खोटा नव्हता, त्यानं बंद केला होता तो शेजारच्या मोटारीचा मेन. पण बोटांना त्याचं काय? तेव्हापासून टेस्टर दुसऱ्याच्या जिभेवर काम करत नसे. कुठंही गेला की आधी फ्यूज उपटून स्वतःच्या खिशात घाली, मग वायरीला हात. एकदा मेव्हण्याकडं पंखा दुरुस्त करायला गेला, जेवून हात धुऊन घरी आला, आणि फ्यूज खिशातच. मेव्हण्याचं घर संध्याकाळभर काळोखात चाचपडत होतं. त्यानंतर टेस्टर दारात दिसला की मेव्हणा आधी म्हणायचा, "या भावोजी, जाताना खिसे दाखवून जा."

अशा माणसाला गाडी बांधायची हौस आली, ती लेकीपायी.

लेक पाण्याच्या कामावर लागली होती. नेमणूक टेकडीवरच्या टाकीपाशी. तिथं पाण्यात औषध किती पडतंय ते तपासायचं आणि उताराच्या लायनीवरचे वॉल्व्ह फिरून बघायचे. सकाळी सहाला हजर व्हायचं, पहिली बस साताला, आणि कागदावर स्पष्ट लिहिलेलं: स्वतःचं वाहन हवं, हजर व्हायच्या दिवशी दाखवावं लागेल. सोमवारी वाहनासकट उभी राहिली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. शेजाऱ्याची विजेवरची स्कूटर त्या चढावर निम्म्यातच मान टाकायची, शेजारी ती ढकलत खाली आणायचा. हे बघून टेस्टर चार महिन्यांपूर्वी सगळ्यांसमोर म्हणून बसला होता, "मी करून देतो. असली मोटार भरतो की टेकडीच खाली येईल."

मोटार त्यानं भरली, आणि खरंच नामी भरली. चाकाच्या पोटात बसणारी, ताटाएवढी. आतली तार सगळी उपसून जाड तारेचे फेरे त्यानं स्वतःच्या हिशोबानं घातले. बॅटरीचा डबाही बांधून ठेवला. पण मोटारीवर कायम गोणपाट. फेरे किती, तार कुठल्या नंबरची, हे कुणी बघून उचललं तर? दुकानात चहा प्यायला आलेला पाहुणाही त्याला हेर वाटायचा. पंधरा वर्षं ओळखीचा लोहार एकदा म्हणाला, "दाखव की रे." टेस्टरनं गोणपाटाचं टोक आणखी आत खोचलं.

राहिली होती फ्रेम. आणि फ्रेमपाशी येऊन गाडी रुतली ती रुतलीच.

दुकानाच्या मागच्या भिंतीला तीन फ्रेमा टांगल्या होत्या. पहिली काळी, पोलादी, जुन्या टपालवाल्या सायकलीची. ही वजनदार, तीन माणसांनी ओढावी अशी. टेस्टर म्हणाला, आतून गंजली असणार. दुसरी खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या वेल्डरनं चौकोनी पाइपांची नवी, तांबड्या रंगाची करून दिली होती. टेस्टर म्हणाला, हा जाळ्या करणारा माणूस, याच्या मनात खिडकी असणार, आणि खिडकी कधी उतारावरनं धावत नाही. तिसरी मेव्हण्यानं आणलेली. मेव्हण्याचं सायकलचं दुकान होतं. ही फ्रेम चकचकीत निळी, ॲल्युमिनियमची, मागं स्प्रिंग, अंगावर पट्टे. उचलली तर कोंबडीएवढी हलकी.

"शर्यतीतल्या पोराची आहे," मेव्हणा म्हणाला होता. "दोनदासुद्धा उतारावर गेलेली नाही."

"मग विकली कशाला त्यानं?"

"परदेशी गेला."

"तपासलंस?"

"विमानात बसवून आलो, भावोजी."

सोमवार दोन दिवसांवर आला तरी भिंतीवरची एकही फ्रेम खाली उतरली नव्हती. बायको जाता येता बोलायची. "अहो, लग्नाला स्थळं बघतात तशी फ्रेम बघताय तुम्ही. माझ्या वडिलांनी तुम्हाला एवढं निरखलं असतं तर मी सुटले असते." टेस्टर ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पण बायकोच्या बोलण्यात अलीकडं एक काटा आला होता. लेकीनं नोकरीवर जावं असं या माणसाच्या मनात आहे की नाही, असा तो काटा. लेक नुसती बघायची, आणि तिचं ते बघणं बापावरच गेलेलं होतं.

शनिवारी दुपारी मेव्हणा आला. म्हणाला, "आज काय तो निकाल लावा."

"लावतो," म्हणून टेस्टरनं निळी फ्रेम खाली घेतली. तडा ओळखायची एक जुनी रीत आहे. संशयाच्या जागी रॉकेल चोपडायचं, थोडं थांबायचं, फडक्यानं कोरडं पुसायचं आणि वर खडूची भुकटी मारायची. तडा असला तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. हँडल जिथं बसतं त्या नळीच्या सांध्याशी टेस्टरनं हे सगळं केलं. बायको चहा घेऊन आली होती ती तशीच उभी राहिली. लेक दाराशी होती.

रेघ उमटली. बोटाएवढी, केसासारखी.

टेस्टरनं वर बघितलं. चेहरा गंभीर होता, पण आतून माणूस खूश झालेला दिसत होता. "बघ. इथनं तुटली असती. उतारावर, पूर्ण वेगात."

मेव्हण्यानं रेघ बघितली. मग भावोजींकडं बघितलं. "म्हणजे माझ्या भाचीला मी मोडकी फ्रेम आणून देईन, असं तुमचं म्हणणं?"

"माझं कुठं? खडूचं म्हणणं."

"खडू कुणाच्या हातात होता?" मेव्हणा म्हणाला आणि चहा न पिता निघून गेला. तो गेल्यावर बायको आत गेली, आणि आत एक भांडं जरा जोरात खाली ठेवलं गेलं.

रविवारी सकाळी टेस्टर दुकानात आला तर लेक त्याच्या आधी येऊन बसलेली. पुढ्यात तिन्ही फ्रेमा आडव्या, हातात पॉलिश पेपर, जमिनीवर निळ्या, काळ्या आणि तांबड्या रंगाचा चुरा. तिन्ही फ्रेमांचे सांधे तिनं घासून धातूपर्यंत नेले होते.

"काय चाललंय?"

"तुमचंच काम," लेक म्हणाली. "काल तुम्ही रंगावर खडू लावलात, बाबा."

टेस्टर फ्रेमांपाशी आला.

"रेघ वरच्या रंगातली होती. खाली धातू कोरा आहे. दोनदा रॉकेल लावून बघितलं." तिनं निळ्या फ्रेमची नळी फिरवून दाखवली. पांढऱ्या खडूवर काही नव्हतं. "काळीही सगळी कोरी. नळीत टॉर्च मारून बघितला, आतसुद्धा गंज नाही. जाळीवाल्याच्या फ्रेमला मात्र खरा तडा आहे, सांध्याच्या खालच्या अंगाला. तिथं तुम्ही खडू लावलाच नव्हता. खिडकी म्हणून सोडून दिली."

तो खाली बसला. तडा बघितला, नखानं चाचपला. खरा होता.

"तार जोडताना आधी वरचं इनॅमल खरवड, नाहीतर जोड खोटा, हे मला कुणी शिकवलं?"

"मी."

"मग काल रंग का नाही खरवडलात? विसरलात?"

विसरलो म्हणायला तोंड उघडलं होतं त्यानं. पण तीस वर्षांत हा माणूस कुठली तार खरवडायची विसरला नव्हता, आणि ते समोरच्या पोरीला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. त्याला स्वतःचाच संशय आला. आजवर साऱ्या जगाला टेस्टर लावला, आणि लावणाऱ्याच्या हाताला कधी लावला नाही.

"नाही विसरलो," तो म्हणाला. "रेघ यावी असं वाटत होतं. त्या रस्त्याला वरनं तिसरं वळण आहे ना, तिथनं तू रोज उतरणार..."

लेकीनं हात झटकले. "वळण मीही बघितलंय. उद्या सहाला मला तिथं हजर व्हायचंय. आता सांगा, कुठली?"

आणि टेस्टरला सांगता येईना. पटकन सांगितलं तर तेही मनातलंच कशावरनं नसेल? तो उठला, चाकात बसवलेली मोटार गोणपाटासकट उचलली, काखेत मारली आणि भर रस्त्यानं चालत मेव्हण्याच्या दुकानात गेला. मेव्हणा पंक्चर काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"रेघ रंगात होती," टेस्टर म्हणाला. "चूक माझी. आता तू सांग, फ्रेम कुठली."

"मी मोडक्या देतो ना?"

"देत नाहीस. म्हणून तर आलो." आणि त्यानं गोणपाट काढलं.

मेव्हण्यानं ट्यूब बाजूला ठेवली. हात पुसले. मोटारीभोवती एकदा फिरला, मधला जाड दांडा दोन बोटांत धरून बघितला. "ही भरलीत तुम्ही? जोर किती?"

टेस्टरनं सांगितला. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी खरा सांगितला.

मेव्हण्यानं दांडा परत एकदा चाचपला. मग म्हणाला, "निळी नको."

"आता तू नको म्हणतोस?"

"चाकाचा दांडा ज्या खाचेत बसतो ना, ती खाच निळीला मऊ धातूची. ही मोटार सुटली की दांडा उलटा पिळ मारणार, आणि खाच लोण्यासारखी उघडणार. चाकच बाहेर, भावोजी. आणि वरनं स्प्रिंग मध्ये आल्यामुळं तुमचा बॅटरीचा डबा मावणार कुठं?"

"मग आणलीस कशाला?"

"पंख्याची मोटार असेल असं धरून आणली. तुम्ही गोणपाट कधी वर केलंत? नवरी न दाखवता चोळी शिवायला दिलीत."

टेस्टरनं हातातल्या गोणपाटाकडं बघितलं. चार महिने तो प्रत्येक फ्रेमवर संशय घेत होता, आणि फ्रेमला कुठलं ओझं पेलायचंय हे जाणत्या माणसाला कळू देत नव्हता. कुणी योग्य फ्रेम आणणार तरी कशी?

"काळी घ्या," मेव्हणा म्हणाला. "पोलाद आहे. वाकेल, पण वाकताना सांगेल. ॲल्युमिनियम न सांगता जातं. खाचेला दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या लावू, म्हणजे दांड्याला फिरायला जागाच नको. तरीपण मला तुमच्या मोटारीचा भरवसा नाही. आधी ती माझ्यासमोर फिरवून दाखवायची."

आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणी टेस्टरची वस्तू तपासायला मागितली. त्याला राग यायला हवा होता. तो म्हणाला, "बघ की. दोनदा बघ."

दिवसभर टेस्टरच्या दुकानात मेव्हणा, टेस्टर आणि लेक काळीला भिडले. मेव्हण्यानं हँडलच्या बेअरिंगच्या वाट्या बदलल्या आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक बसवला. टेस्टरनं पट्ट्या कापल्या, त्या मेव्हण्यानं मापून बघितल्या. मेव्हण्यानं नट आवळले, ते टेस्टरनं पुन्हा आवळून बघितले. लेकीनं दोघांचंही काम परत तपासलं. बायको जेवायला हाक मारून थकली आणि शेवटी ताटं दुकानातच आणून ठेवली. "चांगलं जमलंय तुमचं," ती म्हणाली. "कुणाचा कुणावर विश्वास नाही."

सोमवारी पहाटे लेक गाडीवर बसली तर टेस्टर मागच्या कॅरियरवर आधीच बसलेला.

"बाबा, तुम्ही कुठं?"

"वजन. दोघांचं ओझं नेलं तर एकटीला नेणारच."

ती हसली नाही, पण बसू दिलं. चढ लागला. काळी कण्हली नाही, थांबली नाही. मोटारीचा आवाज एकसारखा राहिला, आणि टेस्टर सबंध वाट मागं हात घालून पट्टीवर बोट ठेवून होता. दांडा जागचा हलतोय का बघत होता. वरनं तिसऱ्या वळणावर लेकीनं मूठ ढिली करून वेग उतरवला, गाडी सावरून धरली आणि वळण काढलं. मागच्यानं डोळे मिटले होते की उघडे होते, ते त्यानं पुढं कुणाला सांगितलं नाही.

टाकीपाशी पर्यवेक्षक बाई हातात वही घेऊन उभ्या होत्या. त्यांनी काळ्या फ्रेमकडं, तिच्या पोटातल्या डब्याकडं आणि खाली वाकून चाकाला तळहात लावणाऱ्या माणसाकडं बघितलं.

"हे वाहन?"

"हो," लेक म्हणाली.

"कुठल्या कंपनीचं?"

"घरचं."

बाईंनी गाडी ढकलून बघितली, ब्रेक दाबून बघितला, मग स्वतः बसून टाकीला एक फेरी मारून आल्या. उतरताना त्यांनी चढाकडं एकदा बघितलं, आणि मग वही पुढं केली. लेकीनं सही केली. घड्याळात सहाला चार मिनिटं कमी होती.

टेस्टर अजून पट्टीचा नट चाचपत होता. त्यानं तो आणखी एकदा आवळला, मग दुसऱ्या बाजूचा.

"बाबा," लेक म्हणाली, "साताची बस वर आली की तिनंच खाली जा." आणि त्याच्या हातातला पाना काढून घेऊन स्वतःच्या पिशवीत टाकला.

बस आली तेव्हा ती वर टाकीच्या जिन्यावर होती, हातात पाण्याची बाटली, पाठ त्याच्याकडं. टेस्टर बसमध्ये चढला आणि ड्रायव्हरच्या पाठीमागच्याच जागेवर बसला. समोर सगळा उतार पसरलेला होता.

"काय हो," त्यानं पुढं वाकून विचारलं, "हिचे ब्रेक शेवटचे कधी बघितलेत?"

ड्रायव्हरनं आरशातनं त्याच्याकडं बघितलं. "उतरताय का?"

टेस्टरनं थोडा विचार केला. मग समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि म्हणाला, "चला."