बाहेरून कुलूप, आत येळवस

वर्षाचे सगळे सण आमच्या घरी बाजारातून आले. पोळ्याला मातीची बैलजोडी, दसऱ्याला पिशवीभर सोनं, संक्रांतीला सुगडं. येळवस तेवढी विकत मिळत नाही. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला अख्खं लातूर शेतात जाऊन जेवतं, गल्ल्या ओस पडतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो, आणि न बोलावता गेलं तरी कुणी उपाशी पाठवत नाही.

माझे वडील शिंपी. आमचं शेत म्हणजे दारातली तुळस. पण शहराबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या घरचे कपडे त्यांनी चाळीसेक वर्षं शिवले, आणि तेवढ्याच येळवशी त्याच्या शेतात केल्या. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत दगडाचे पाच पांडव मांडून पूजा झाली की तो आंबिलाचा पहिला पेला वडिलांच्या हातात द्यायचा. डोळे अधू झाले, शिलाई मशीन बंद झालं, तरी वडील त्या एका दिवसासाठी नवा सदरा राखून ठेवायचे.

मी मात्र मोठा माणूस झालो होतो. म्हणजे कारकूनच, पण ऑफिसातला. नांदेडहून बदलून आलेल्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचं शेत कुठं?" आणि मी बोलून गेलो, "औसा रोडला. थोडंच आहे, तीन एकर." जिभेला हाड नसतं, म्हणतात ते खरं. आता पंचाईत अशी की वडिलांच्या या शेतकरी मित्राचं शेत आमच्या हेडक्लार्कच्या शेताला लागून. तिथं मी दुसऱ्याच्या पंगतीत बसलेला दिसलो असतो. म्हणून मीच मित्राला फोन केला, "काका, यंदा आम्ही पाहुण्याच्या शेतात चाललोय." असा शेतवाला नातेवाईक कुणी नव्हताच. वडिलांना मी विचारलंसुद्धा नाही, नुसतं सांगितलं.

त्या दिवशी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि मागच्या दारानं आत आलो. गल्लीत कुणी राहिलंच असेल तर वास नको म्हणून बायकोनं खिडक्या लावून येळवशीची पालेभाज्यांची भज्जी शिजवली. वडील नवा सदरा घालून पलंगावर बसून होते. "टीव्ही पण लावायचा न्हाई का?" एवढंच त्यांनी विचारलं.

चारच्या सुमाराला दारात वडिलांच्या मित्राची मोटारसायकल थांबली.

"मास्तर! आलाव का शेतातून?"

वडील उठायला लागले. मी त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला आणि ओठांवर बोट ठेवलं. लहान पोराला गप्प करतात तसं मी माझ्या बापाला गप्प केलं. ते बसले. आणि खिडकीत ठेवलेला त्यांचा फोन वाजायला लागला. कानानं कमी ऐकू येतं म्हणून त्याचा आवाज आम्हीच मोठा करून ठेवला होता. तो बंद करायचंही मला सुचेना.

मित्रानं बाहेरूनच फोन लावला होता; रिंग वाजून वाजून थांबली. मग तो मोठ्यानं म्हणाला, "फोन घरीच विसरला वाटतं मास्तर." कडीला काहीतरी अडकवल्याचा आवाज झाला आणि गाडी निघून गेली.

वडील मागच्या दारानं जाऊन पिशवी घेऊन आले. किटलीत आंबील होतं, डब्यात भज्जी आणि बाजरीचे उंडे. त्यांनी उभ्यानंच एक पेला आंबील प्यायलं. आमच्याकडं बघितलं नाही.

दिवेलागणीला त्या मित्राचा परत फोन आला. पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. "मग, कशी झाली येळवस?"

कापड कमी भरलं तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा माणूस. वडिलांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. "लई झकास," ते म्हणाले. "इहिरीच्या वरच्या अंगाला कोपी होती. चिंचंखाली पंगत बसली. जवारी कमरेला लागू लागली, हरभरा तर इचारू नका." ते थांबेनात. ती विहीर, ती चिंच, सगळं त्या मित्राच्याच शेतातलं होतं. दुसरं कुठलं शेत त्यांनी बघितलंच नव्हतं.



"हाव मास्तर, हाव," मित्र हळू म्हणाला. "पुढल्या साली तिथंच या."

शेत नसल्याची लाज मला त्यानंतर कधी वाटली नाही. त्या संध्याकाळची अजून वाटते.