माफी कमी, मासळी जास्त

आमच्या गावच्या मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गाव मालवणच्या बाजूला, पण ग्रुपमधली बहुतेक घरं भांडुप, नाहूर, मुलुंडची. वडिलांची पिढी गिरणीत होती, आम्ही कोणी बँकेत, कोणी कुरिअरमध्ये. मासळी मात्र अजून सगळे एकाच बाजारातून घेतो.

त्या ग्रुपवर मी गेल्या वर्षी एक व्हिडिओ पुढे पाठवला. एक माणूस मासळीच्या ढिगावर पांढरी पूड टाकतोय आणि मागचा आवाज सांगतोय, ही मासळी विषारी आहे. माझ्याकडे आला तेव्हा त्यावर जागेचं नाव नव्हतं. निळी ताडपत्री, खालचा चिखल, थर्माकोलचे खोके बघून मला तो आमचाच बाजार वाटला. मी वर लिहिलं, 'आपल्या भांडुपच्या बाजारातलं आहे, सावध राहा.' लिहिताना आपण चार लोकांच्या उपयोगी पडतोय असं वाटत होतं. हे सांगायला आजही जड जातं.

माझ्या लग्नाच्या आधीपासून आमच्याकडे त्या बाजारात बसणाऱ्या एकाच मावशीची मासळी येते. पुढच्या रविवारी गेलो तर ऐन गर्दीच्या वेळी तिच्यासमोर कोणी नव्हतं. मंडळातल्या बायका लांबूनच भाजीकडे वळत होत्या. मावशी बर्फ सारखा करत बसली होती. मी दोन पापलेटं घेतली आणि घरी आलो.

माझी मुलगी कॉलेजात आहे. शनिवारी दुपारी ती बोरिवली, अंधेरी, मुलुंडच्या मित्रमैत्रिणींबरोबर व्हिडिओ कॉलवर बसते. घरोघरी फिरणारे असले मेसेज तपासायचे आणि जे सापडेल ते त्याच ग्रुपवर परत पाठवायचं, हा त्यांचा उद्योग. त्यातली काही मुलं एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेलीही नाहीत. त्यांच्याकडे हा व्हिडिओ मुलुंडच्या मुलीच्या आजीकडून पोचला, माझ्या ओळीसकट. अंधेरीच्या मुलाने तो थांबवत थांबवत पाहिला. एका ठिकाणी मागे दुकानाची पाटी दिसते, आणि तिच्यावरची अक्षरं मल्याळम होती. मुलुंडच्या मुलीने ती शेजारच्या काकूंकडून वाचून घेतली. केरळातल्या एका गावातलं औषधाचं दुकान निघालं. बोरिवलीच्या मुलाने शोधून काढलं की व्हिडिओ बराच जुना आहे आणि आधी कुठेही भांडुपचं नाव नाही.

मुलगी फोन हातात घेऊन हॉलमध्ये आली. कॉल चालूच होता, तिने फक्त आवाज बंद केला.

"बाबा, भांडुपची ओळ तुझी आहे ना?"

मी हो म्हटलं. ती चिडेल असं वाटलं होतं.

"मग बरंच झालं. तूच सांग त्यांना."

त्यांची रीतच ती आहे. मुलं कोणाचं नाव उघड करत नाहीत, पण पाठवणारा सापडला तर खुलासा त्यानेच करायचा, त्याच ग्रुपवर. आधी त्यांनी एक छान चित्र करून दिलं, त्यावर नीट मुद्दे. मी ते मंडळात टाकलं. दोघांनी हात जोडले आणि खाली लगेच पूजेच्या तारखेची चर्चा सुरू झाली. तेव्हा बोरिवलीचा मुलगा म्हणाला की गाववाल्यांना आमचं शाळेतलं मराठी कशाला पटेल, काकांनी मालवणीत बोलून पाठवावं.

मी रेकॉर्ड केलं. मुलांनी ते कॉलवर ऐकलं.

"काका, भारी झालंय," बोरिवलीचा मुलगा म्हणाला, "पण माफी कमी आणि मासळी जास्त करा ना."

सगळी हसली, माझी मुलगी सगळ्यात जास्त. मला जरा लागलं. पुन्हा बोललो, तर पुन्हा माझंच रडगाणं. ते ऐकताना लक्षात आलं की हे ऐकून लोकांना माझी कीव येईल, पण बाजारात कोणी जाणार नाही. माफी मागून मला मोकळं व्हायचं होतं. मावशीला गिऱ्हाईक हवं होतं.

शेवटी एवढंच बोललो: "ह्यो व्हिडिओ भांडुपचो नाय, केरळातलो जुनो आसा. भांडुपचो म्हणान मीयाच लिवलंय, ता चुकीचा. थयसर काय झाला ता माका म्हायत नाय." तिथे काय झालं ते मला माहीत नाही, हे शेवटचं वाक्य अंधेरीच्या मुलाने आग्रहाने घालायला लावलं. आपल्याला जे कळलेलं नाही तेही सांगायचं, म्हणाला.

नाहूरच्या एका वयस्क काकांनी ग्रुपवर टोला हाणलाच: "तेवा खोटा बोललंस, काय आता बोलतंस?" मी काही उत्तर लिहायच्या आत मुलगी म्हणाली, वाद नको, पाटीचा फोटो टाक. टाकला.

रविवारी बाजारात गेलो तर तेच काका मावशीसमोर उभे. प्रत्येक माशाचे कल्ले उघडून बघत होते आणि भावावरून तिच्याशी भांडत होते. मी वाकून तिला हळूच सांगितलं की ती ओळ मी लिहिली होती.

"ऐकलंय मी," मावशी सुरी पुसत म्हणाली. "सकाळपासून तीन गिऱ्हाइकांनी फोनवर वाजवून दाखवलं. आता मागे हो जरा, यांचं होऊ दे."

मी मागे झालो. माझ्या आधी अजून बरेच जण होते, आणि मला कसलीच घाई नव्हती.