शेजारच्या फोटोला हार

ऑस्ट्रेलियात, टूवूंबात आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. तोंडावर त्यांना नावाने हाक मारायचो, घरात मात्र 'शेजारच्या आजी'. त्यांच्या हॉलमध्ये मोठ्या भावाचा फोटो होता. दुसऱ्या महायुद्धात तो बॉम्बर विमानात मागच्या बंदुकीवर असायचा. जर्मनीवर रात्रीच्या हल्ल्याला गेलेलं त्याचं विमान परतलं नाही. घरी तार आली ती 'बेपत्ता' अशी. पुढे सरकारने त्याला मृत धरलं. आजींनी धरलं नाही. तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या, मला भेटल्या तेव्हा नव्वदीला टेकलेल्या. आईवडिलांच्या थडग्यावर त्याचं नाव त्यांनी कोरू दिलं नव्हतं. "त्याला मेलेला कुणी पाहिलाय?" एवढंच म्हणायच्या. फोटोपुढे कधी फूलसुद्धा नाही.

हे सगळं मला माहीत होतं. आधीच लिहून टाकतो, कारण बायकोलाही मी वेगळं सांगितलंय.

एका वर्षी माझे वडील पुण्यात वारले. मी गेलो नाही. रजा मिळाली असती. मी मागितली नाही. अग्निसंस्कार ऑफिसच्या कार पार्कमध्ये बसून फोनवर पाहिला. नंतर बहिणीने चंदनाचे दोन हार पाठवले, एक तुटला तर दुसरा असावा म्हणून. एक वडिलांच्या फोटोला घातला आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. हार घातला की घरात त्या माणसाचा विषय मिटतो.

महिन्याभराने आजी खुब्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये होत्या. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. दुसरा हार मी त्यांच्या भावाला घातला. ऐंशी वर्षं झाली, आता पुरे, असं वाटलं. त्यांच्या भल्यासाठी वाटलं, की त्यांचं वाट पाहणं मला बघवत नव्हतं, कोण जाणे.

घरी आल्यावर त्या खूश झाल्या. "वास काय सुरेख आहे! कशासाठी हा?"

"मान द्यायला," मी म्हणालो.

दिवाळीत त्यांना फराळाला बोलावलं. वडिलांच्या फोटोवरचा हार बघून हसल्या. "ओहो, तुझ्या डॅडनाही मेडल मिळालं वाटतं!"

"नो," माझी मुलगी चकली मोडत म्हणाली, "दॅट्स बिकॉज ही इज डेड."

आजींनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघून विचारलं, "गेल्यावर तू त्यांना पाहिलंस?"

"फोनवर."

"पाहिलंस ना. मग तुला चालतं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. "तूच काढ," त्या म्हणाल्या. "माझा हात पोचत नाही. काढताना काही म्हणायचं असतं का तुमच्यात? प्रार्थना वगैरे?"

"माहीत नाही. घातलेला हार कुणी काढत नाही."

"मग साधाच काढ."

स्टुलावर चढलो. हार काढताना फ्रेम तिरकी झाली. "डावीकडे, मेट. अजून. तो काही पिऊन उभा नाहीये."

खाली उतरून म्हणालो, "सॉरी. माझ्या लक्षात आलं नाही."

"तुमची पद्धतच वेगळी, तुला कसं कळणार? नो वरीज."

मी मान डोलावली.

त्यानंतर दोन वर्षं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच न्यायचो. गाडीत बोलायला वेळ भरपूर असायचा. फळबागांबद्दल बोलायच्या, गुडघ्यांबद्दल बोलायच्या. भावाचं नाव माझ्यापुढे पुन्हा कधी काढलं नाही. मीही विचारलं नाही. मागच्या थंडीत त्या गेल्या.