इसोबे या आडनावाखाली

तोकुजी हानेदा हा माणूस चाळीस वर्षं उभ्याने जगला. म्हणजे खरोखरच उभ्याने. कुनिएदा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे जुळारी कधी बसायचे नाहीत. डाव्या हातात छोटी पेटी, डोळे कागदावर आणि उजवा हात भिंतीभर लावलेल्या खणांतून आपला आपण हिंडत असायचा. आमची अक्षरं काही पन्नास-साठ नव्हेत. सात हजारांवर खिळे होते त्या भिंतीवर, आणि कुठला कुठे आहे ते तोकुजी झोपेतही सांगायचा. बायकोचा वाढदिवस मात्र दर वर्षी विसरायचा. हात्सुए म्हणायची, "माझं नाव त्या भिंतीवरच लावून टाका एकदाचं, म्हणजे तरी सापडेन तुम्हाला."

इतके खिळे असूनही एखादं अक्षर नसायचंच. विशेषतः नावांतलं. अशा वेळी जुळारी हाताला येईल तो खिळा उलटा खोचायचा. छापताना त्याचा तळ उमटायचा, दोन जाड काळ्या पट्ट्या, ओल्या मातीत खडावांचे दात उमटावेत तशा. आम्ही त्याला गेताच म्हणतो, म्हणजे खडाव. प्रूफावर खडाव दिसली की आंधळ्यालाही कळावं, इथे अक्षर नाही. मग तोकुजी लाकडाच्या तुकड्यावर ते अक्षर कोरायचा आणि खडाव काढून तिथे बसवायचा. त्याच्या हातून गेलेल्या पुस्तकात खडाव राहिली असं एकदाही झालं नाही. या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता, आणि असायलाही हवा होता.

संगणक आला तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता. म्हाताऱ्या मालकानंतर त्याची मुलगी मासुमी छापखाना बघत होती. खिळे भंगारात गेले, भिंत उघडी पडली, आणि मासुमीने त्याच्यासमोर एक खुर्ची ओढली.

"बसा, हानेदा-सान. एक तर हे शिका, नाहीतर घरी बसून बायकोचं डोकं खा."

"ते तीच माझं खाते. आणि साठी बुद्धी नाठी असं तुम्हीच म्हणता ना माझ्या पाठीमागे?"

"पाठीमागे नाही, तोंडावर म्हणते. बसा."

बसला बिचारा. ती अक्षरजुळणीची प्रणाली केली होती परदेशी लोकांनी, त्यांच्या भाषेसाठी. आपल्याकडच्यांनी तिला जपानी शिकवलं होतं खरं, पण जुजबी. बाकी सगळं ज्याचं त्याने सांगायचं. ओळ वरून खाली जाते आणि पहिली ओळ उजवीकडे असते. स्वल्पविराम आपल्या चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बसतो. पूर्णविरामाने ओळ सुरू करायची नाही. कठीण अक्षराच्या शेजारी उच्चार बारीक अक्षरांत घालायचा. जे चाळीस वर्षं हाताला ठाऊक होतं ते शब्दांत सांगायची पाळी आली की माणसाची काय फजिती होते ते तोकुजीला विचारा. पहिलं पान निघालं त्यात सगळे स्वल्पविराम खाली घसरलेले आणि कंस आडवे पडलेले.

"पान दारू पिऊन आलंय का हो?" मासुमी म्हणाली.

वर ते यंत्र प्रत्येक वेळी इंग्रजीत लांबलचक अहवाल द्यायचं: अमुक ओळ सैल झाली, तमुक ओळ घट्ट झाली. छापून बघावं तर काही बिघडलेलं नसायचं. सासूच्या कुरकुरीकडे करावं तसं तोकुजीने महिन्याभरात त्या अहवालाकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली. सात महिने गेले, पण पान उभं राहिलं. स्वल्पविराम जागेवर, ओळी सरळ, वाचताना डोळा कुठे अडखळत नाही. मासुमीने ते पान दोन्ही हातांत धरलं आणि पहिल्यांदाच थट्टा न करता मान लववली.

त्यानंतरचं पहिलं मोठं काम म्हणजे आमच्या मच्छीमार संस्थेच्या पन्नास वर्षांचं पुस्तक. त्याच्या शेवटी समुद्रात गेलेल्यांची यादी होती. ती बातमी ऐकून सुए इसोबे छापखान्यात आली.

सुएआजी छापखान्यामागच्या दुसऱ्याच गल्लीत एकटी राहायची. ऐंशी वर्षांची, कमरेत वाकलेली, पण अजून माकूळ मासळी सोलायला धक्क्यावर जाणारी. तिचा एकुलता एक मुलगा वातारू एकोणीस वर्षांचा असताना तेन्यू-मारू होडीवर गेला आणि होडीसकट नाहीसा झाला. बेचाळीस वर्षं झाली. काहीच परत आलं नाही. थडग्यात अस्थींच्या जागी त्याची शाळेतली टोपी पुरली आहे.

आजीने पदराआडून काढावा तसा छातीशी धरलेला एक घडीचा कागद काढला. मंदिरातल्या भिक्षूने बारशाला लिहून दिलेलं नाव होतं. एकच अक्षर, कारण आमच्यात अख्खं नाव एका अक्षरात मावतं, पण असं की ना कुणाच्या खिळ्यांत, ना कुणाच्या संगणकात.

"तोकुजी-सान, कचेरीत त्याच्या नावाला दुसरंच अक्षर लावलं. संस्थेच्या कागदांत तिसरंच. सचिव म्हणतो, आजी, उच्चार तोच आहे ना! अरे, हाक तीच आहे म्हणून शेजारणीचं पोर माझं होतं का?"

"नाही होत, आजी."

"मी आता किती दिवसांची? एकदा, एकदाच माझ्या पोराला त्याच्या नावाने कुठेतरी लिहिलेलं बघू दे. मग मी कुणाकडे काही मागणार नाही."

"मी लिहितो," तोकुजी म्हणाला. "माझा शब्द."

ते अक्षर त्याने ठिपक्याठिपक्याने काढलं, अठ्ठेचाळीस उभे आणि अठ्ठेचाळीस आडवे चौकोन भरत. नऊ दिवस लागले. संगणकात त्यासाठी वेगळा फॉन्ट केला, त्यात हे एकच अक्षर, आणि प्रणालीला सांगून ठेवलं की इसोबे या आडनावाखाली तिथून अक्षर उचलायचं. छापखान्यातल्या प्रिंटरवर पान काढलं आणि स्वतः आजीच्या घरी घेऊन गेला. तिने चष्मा पुसला, बोट ठेवलं, आणि बराच वेळ ते उचललंच नाही.

"हा आला," ती म्हणाली. "अगदी हाच." आणि तिथेच चटईवर कपाळ टेकून तिने तोकुजीला नमस्कार केला. तोकुजी तिला उठवायला गेला तर त्याचेच डोळे भरून आले.

पुस्तकाची छपाईसाठीची फिल्म शहरातल्या एका कारखान्यात निघणार होती. तोकुजीने पानं फ्लॉपीवर भरून पाठवली. आता इथे त्याचं चुकलं. पण ही चूक त्याच्यासारख्या माणसाकडूनच व्हायची. शिशाच्या दिवसांत पान पाठवलं की त्यातली अक्षरं पानाबरोबरच जायची. पान म्हणजेच अक्षरं, दोरीने आवळलेली. पान गावाला जाईल आणि अक्षर घरी राहील, हे खिळे जुळवणाऱ्याच्या स्वप्नातही येणार नाही. वातारूचं अक्षर तोकुजीच्या संगणकातच राहिलं. शहरातल्या यंत्राला ते सापडलं नाही, आणि त्याने तिथे काय केलं? काहीही नाही. ना खडाव, ना पट्टी. जागा कोरी ठेवून यंत्र पुढे गेलं.

शेवटचं प्रूफ आलं, निळसर, फिकट. त्याबरोबर अकरा पानी इंग्रजी अहवाल. अक्षर सापडलं नाही, असं त्यात एका ओळीत लिहिलेलं होतं, सैल ओळी आणि घट्ट ओळी यांच्या गर्दीत. तोकुजीने तो गठ्ठा बाजूला सारला. मग डोळ्यांत तेल घालून तो अडीचशे पानांत खडावा शोधत बसला. एकही नव्हती. यादीच्या पानावर तर तो फारसा थांबलाच नाही. त्या पानाला आजीचं बोट लागलेलं होतं, त्याची कसली काळजी? आणि थांबला असता तरी डोळा अडकला असता का, कोण जाणे. तेन्यू-मारूवर उत्तरेकडून आलेले सहा हंगामी खलाशी होते. कुणी कधी त्यांची नावं विचारली नव्हती, म्हणून यादीत त्यांची नुसती आडनावं होती आणि खाली कोरी जागा. त्या सहांच्या शेजारी सातवा कोण लक्षात घेणार?

तोकुजीने प्रूफावर आपला लाल शिक्का उमटवला. काम संपलं, छापा.

मार्चमध्ये मंदिरात प्रार्थना झाली आणि प्रत्येक घराला एक पुस्तक मिळालं. तीनशे वीस घरं. सुएआजी पहिल्या ओळीत बसली होती. प्रार्थना संपल्यावर ती उठून तोकुजीकडे आली, यादीचं पान उघडं धरून.

"माझे डोळे अधू झालेत हो," ती म्हणाली. "जरा बघता? वातारू कुठे गेला?"

तोकुजीने पाहिलं. इसोबे. खाली काही नाही. आजूबाजूला सगळं गाव उभं होतं, आणि त्याला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

"तो त्या परक्या खलाशांत बसलाय का?" आजीने विचारलं. रागावून नव्हे. रागावली असती तर परवडलं असतं.

"माझी चूक आहे, आजी. माझीच. मी चिठ्ठी छापून तुमच्या घरी येतो आणि माझ्या हाताने चिकटवतो."

"या," ती म्हणाली. पुस्तक रुमालात गुंडाळलं आणि घरी गेली.

त्याने नखाएवढ्या तीनशे वीस चिठ्ठ्या छापल्या, प्रत्येकीवर ते एक अक्षर. खळीची वाटी, चिमटा आणि भिंग घेऊन तो सायकलवर निघाला. आधी खाडीपलीकडची वस्ती, मग दीपगृहाकडची, मग धक्क्यामागची. घरोघरी ओट्यावर बसायचं, पान उघडायचं, चिमट्याने चिठ्ठी ठेवायची, बोटाने दाबायची. लोक चहा द्यायचे, मुळ्याचं लोणचं पुढे करायचे.

"एका अक्षरासाठी एवढी पायपीट, हानेदा-सान? बैल गेला आणि झोपा केला!"

"करू दे मला," तो म्हणायचा.

हात्सुएला मात्र राहवेना. "आधी तिच्याकडे जा की हो. सहा मिनिटांवर घर आहे तिचं."

"आधी गावातली सगळी पुस्तकं नीट होऊ देत. मग तिला जाऊन सांगेन, आजी, आता एकाही घरात तो परका नाही."

"तोंड दाखवायला भीती वाटते, असं सरळ म्हणा ना."

खरंच होतं ते. ज्या बाईने चटईवर कपाळ टेकलं तिच्यासमोर नखाएवढा कागद घेऊन जायचं त्याच्याने होत नव्हतं. रोज सकाळी तो तिच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरायचा, थोडा थांबायचा, आणि दुसऱ्या वस्तीकडे वळायचा. असे सव्वीस दिवस.

सत्ताविसाव्या दिवशी तीनशे एकोणिसावं घर झालं. आता निमित्त उरलं नव्हतं. तोकुजीने दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि चालतच गेला. आजीचं दार उघडं होतं, उंबऱ्याशी चपला होत्या. घरी आहे म्हणून त्याला बरंच वाटलं. पण आतून आली ती तिची भाची तोमिए, शहरात राहणारी. तिच्या अंगावर काळा पोशाख होता.

"तुम्हाला कळलं नाही का?" ती म्हणाली. "मावशी न्हाणीत पडली. मी रातोरात शहरात इस्पितळात नेली. चार दिवस होती. परवा दहन केलं तिथेच, आज अस्थी घेऊन आले."

तोकुजी दारातच बसला. त्याला रडूही येईना. शेवटी त्याने विचारलं, "पुस्तक... तिचं पुस्तक कुठे आहे?"

"ते तिच्याबरोबर दिलं. शवपेटीत छातीवर ठेवलं, ते यादीचं पान उघडून. मला वाटलं, तिला मुलाचं नाव दिसत राहील." तोमिए थोडी घुटमळली. "तिने इस्पितळातही दोनदा विचारलं, छापखान्याचे तोकुजी-सान येऊन गेले का. मी म्हटलं, येतील, बोलावू का? तर म्हणाली, नको, मोठ्या कामात असतील."

मग ती दाराकडे सरकली आणि हात पुढे करून म्हणाली, "तुम्ही काही आणलं होतंत का तिच्यासाठी?"

तोकुजीच्या मुठीत ती चिठ्ठी होती. त्याने मूठ उघडली नाही. त्या घरात ती चिकटवायला पुस्तकच उरलं नव्हतं.